निरंक आणि अप्राप्त

सरकारी कार्यालयातले काही शब्द कार्यालयाच्या फाटकाबाहेर फारसे ऐकू येत नाहीत. 'निरंक' हा त्यांपैकी एक. वरिष्ठ कार्यालयाने दरमहा एखादे विवरणपत्र मागवलेले असते. महिन्याभरात तशी एकही घटना घडलेली नसते. तरीही कनिष्ठ कार्यालय पत्र पाठवते, की या कार्यालयाची माहिती निरंक आहे. मी नोकरी केली त्या हिंदी भाषिक राज्यातही हाच शब्द याच अर्थाने चालतो, त्यामुळे मला तो नव्याने शिकावा लागला नाही. बाहेरच्या माणसाला या प्रकाराचे हसू येते. काहीच घडले नाही हे सांगण्यासाठी कागद, शाई, सही, जावक क्रमांक आणि टपालखर्च! हसणाऱ्यांशी माझे अर्धे मत जुळते. आपल्याकडे मागवली जाणारी निम्मी विवरणपत्रे कोणी वाचत नाही, ती खुशाल बंद करावीत. पण जे विवरणपत्र खरोखर लागते, त्याच्या बाबतीत 'निरंक' लिहून पाठवणे आणि काहीच न पाठवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात कोणीतरी पाहिले, शोधले, आणि काही सापडले नाही असे स्वतःच्या सहीने सांगितले. दुसऱ्यात कोणी पाहिले की नाही हेच कळत नाही.

माझे वडील महसूल खात्यात अव्वल कारकून होते. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत कागदांची सहा गठ्ठे पद्धत आहे, तिच्यात नियतकालिकांचा एक स्वतंत्र गठ्ठा असतो. कोणत्या तारखेला कोणते विवरणपत्र कोणाकडून यायचे आणि कोणाला जायचे, त्याची एक नोंदवही असते. वडील त्या वहीत न आलेल्या विवरणपत्रापुढचा रकाना मोकळा ठेवीत आणि आलेल्या निरंक पत्रापुढे तारीख घालीत. मोकळा रकाना म्हणजे स्मरणपत्र, तारीख म्हणजे काम संपले. शिक्षणाने ते मॅट्रिक होते. आज संगणकाच्या पडद्यावर आपण जे गमावतो आहोत ते त्या वहीत होते, असे मी म्हणतो तेव्हा तरुण सहकाऱ्यांना तो गतकाळाचा उमाळा वाटतो. तसा तो नाही. सविस्तर सांगतो.

गेल्या काही वर्षांत दृश्य पद्धतीने ॲप बनवण्याची साधने सरकारी कार्यालयांत बरीच पसरली. पॉवर ॲप्स, ॲपशीट, ॲपस्मिथ, ओरॅकलचे ॲपेक्स अशी कितीतरी नावे घेता येतील. पूर्वी एखादा साधा आढावा-तक्ता संगणकावर आणायचा तर निविदा काढा, कंपनी नेमा, करार करा, आणि दीड वर्षाने जे हाती येईल ते निमूट वापरा, असा क्रम होता. आता थोडाफार तांत्रिक कल असलेला माणूस पडद्यावर तक्ते, बटणे, आलेख ओढून ठेवतो, ते माहितीच्या साठ्याला जोडतो, आणि आठवड्याभरात चालण्याजोगे काही उभे राहते. मी या साधनांच्या बाजूचा आहे. जिल्ह्याला जे हवे ते जिल्ह्यालाच बनवता येणे ही लहान गोष्ट नाही.

निवृत्तीनंतर मी एका राज्यात सल्लागार म्हणून काही काळ काम केले. तिथे एका जिल्ह्याने आरोग्य आणि पोषणाच्या साप्ताहिक आढाव्यासाठी असेच एक ॲप बनवले होते. प्रत्येक विकासखंडाचे (ढोबळमानाने आपल्याकडचा तालुका) एक पान, आणि पानावर सात तक्ते: मातामृत्यू, बालमृत्यू, तापाची साथ, पुनर्वसन केंद्रात पाठवलेली तीव्र कुपोषित बालके, संपलेली औषधे, वगैरे. बनवणारा मुलगा कंत्राटी संगणक सहायक होता, वय असेल पंचविशीचे. काम नेटके, डोके तल्लख.

अशा साधनांत रिकामा तक्ता फार वाईट दिसतो. शीर्षक, रकान्यांची नावे, त्याखाली पसरलेली पांढरी चौकट आणि मध्ये फिकट अक्षरांत 'माहिती नाही'. असे चार-पाच तक्ते एका पानावर आले की पान भकास वाटते. एका बैठकीत एक वरिष्ठ अधिकारी म्हणाले, "हे रिकामे डबे कशाला दाखवता? ज्यात काही आहे तेवढेच दाखवा." सूचना बिनचूक वाटावी अशीच होती. प्रत्येक तक्त्याला दिसणे-न दिसणे ठरवणारा एक गुणधर्म असतो. त्याच्या जागी एक छोटे सूत्र लिहायचे: ओळींची संख्या शून्याहून अधिक असेल तरच दाखव. मुलाने तासाभरात ते सगळीकडे लिहून टाकले. पाने आखूड झाली, सुटसुटीत झाली, बैठका लवकर संपू लागल्या.

मी आलो तेव्हा हे होऊन काही आठवडे झाले होते. माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या विकासखंडाचे पान सर्वांत आखूड, त्याची चर्चा सर्वांत आधी संपे. जिल्ह्याच्या टोकाला जंगलपट्टीतला एक विकासखंड होता, त्याच्या पानावर दोनच तक्ते दिसत. मी विचारले, "बाकीचे पाच कुठे गेले?"

"सर, त्यात काही नाही, म्हणून दिसत नाहीत."

"काही घडले नाही, की काही आले नाही?"

मुलगा थबकला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, ॲपच्या दृष्टीने दोन्ही सारखेच आहे."

हे उत्तर मी तेव्हाच डायरीत लिहून ठेवले.

चौकशी केली तेव्हा कळले, की तिथल्या माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्याचे कंत्राट संपले होते आणि तीन आठवडे जागा रिकामी होती. दिसणारे दोन तक्ते जुन्या, अजून निकाली न निघालेल्या नोंदींचे होते. त्या तीन आठवड्यांत तिथे एक बाळंतीण दगावली होती. घरी बाळंतपण, रक्तस्राव, उपकेंद्र, तिथून जिल्हा रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका, आणि वाटेत मृत्यू. एएनएमच्या वहीत निळ्या शाईने नोंद होती. रुग्णवाहिकेच्या नोंदवहीत फेरी होती. गावातल्या आशा कार्यकर्तीने फोनही केला होता. पडद्यावर मात्र मातामृत्यूचा तक्ता नव्हता, आणि नसलेल्या तक्त्याबद्दल बैठकीत कोणी प्रश्न विचारत नाही.

यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बाई तर आधीच गेली होती. मातामृत्यूच्या अन्वेषणासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारल्या. मृत्यू झाला की घरी जाऊन नातेवाइकांना विचारायचे, की त्रास कधी सुरू झाला, निर्णय कोणी घेतला, वाहन किती वेळाने आले, कोणत्या दवाखान्याने पुढे पाठवले. उशीर कुठे झाला ते शोधायचे आणि पुढच्या बाळंतिणीसाठी तो दुरुस्त करायचा. हे विचारणे आठवणी ताज्या असतानाच करावे लागते. पथक त्या गावी पोचले तेव्हा नवरा वीटभट्टीच्या कामाला परराज्यात निघून गेला होता, आणि सासूला एवढेच आठवत होते की रात्र होती आणि गाडी फार उशिरा आली. किती उशिरा, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या रस्त्यावरून पुढची बाळंतीण नेताना नेमके काय बदलायचे, हेही त्यामुळे अर्धवटच कळले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. वर ज्या अधिकाऱ्यांचा उल्लेख केला त्यांनाही नाही. त्यांनी मागितले ते सोयीचे होते. मला रस आहे तो यंत्रणेच्या घडणीत. तक्त्यात शून्य ओळी असणे याचे किती अर्थ होतात? एक, खरोखर काही घडले नाही. दोन, घडले पण कोणी कळवले नाही. तीन, कळवले आहे, पण माहितीच्या साठ्याला विचारलेला प्रश्न मध्येच अडकला; नेटवर्क तुटले, पासवर्डाची मुदत संपली, उत्तर आलेच नाही. चार, उत्तर अजून यायचे आहे, पडदा थोडा आधी रंगला. पाच, माहिती आहे, पण पाहणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकार दिलेला नाही. 'ओळी शून्याहून अधिक असतील तरच दाखव' हे सूत्र या पाचही अवस्थांना एकच उत्तर देते: कोरी जागा. आणि कोरी जागाही उरत नाही, कारण खालचा तक्ता वर सरकून ती भरून काढतो.

सहावा प्रकार अधिक फसवा आहे. पॉवर ॲप्सच्या दस्तऐवजांतच लिहिलेले आहे, की काही प्रकारच्या चाळण्या मूळ साठ्याकडे सोपवता येत नाहीत. अशा वेळी ॲप मूळ साठ्यातल्या पहिल्या ५०० नोंदीच आणते (ही मर्यादा २,००० पर्यंत वाढवता येते) आणि त्यांतच शोधते. हवी ती नोंद त्यापुढची असली तर उत्तर रिकामे येते. म्हणजे नोंद आहे, अधिकार आहे, नेटवर्क आहे, आणि तरी तक्ता रिकामा! बनवणाऱ्याला साधन तशी सूचना देते, पण ती बनवताना दिसते, बैठकीत बसलेल्या अधिकाऱ्याला नाही.

संगणकशास्त्राला हा भेद ठाऊक नव्हता असे नाही. माहितीचे साठे ज्या पद्धतीने रचले जातात तिचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये घातला, आणि 'नल' म्हणजे अज्ञात मूल्य हे शून्यापेक्षा वेगळे ठेवले पाहिजे हा आग्रह त्यांचाच. पुढे १९९० च्या पुस्तकात त्यांनी या 'नल'चेही दोन प्रकार करावेत असे सुचवले: माहिती असायला हवी पण मिळालेली नाही, हा एक, आणि ती इथे लागूच होत नाही, हा दुसरा. व्यवहारात ते फारसे कोणी उचलले नाही. ओस्लो विद्यापीठात वाढलेली डीएचआयएस-२ ही आरोग्य-माहितीची प्रणाली अनेक देशांत चालते. तिच्यात भरलेले शून्य मुळात साठवलेच जात नाही. ते साठवायचे असेल तर प्रत्येक बाबीसाठी तसे मुद्दाम सांगावे लागते. जागा वाचते हे त्यामागचे कारण, आणि ते खोटे नाही. पण ज्या कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे शून्य भरले त्याचे आणि ज्याने पानच उघडले नाही त्याचे चित्र मग एकच होते. (शून्याचा शोध भारताने लावला हा विषय इथे आणायचा मोह होतो, तो मी आवरतो. शोध लावणे वेगळे, रकान्यात भरणे वेगळे.)

आपल्याच देशात हे काम उत्तम रीतीने झालेले उदाहरण आहे. पोलिओ निर्मूलनासाठी १९९७ मध्ये केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. नोंदणीकृत दवाखान्यांनी दर आठवड्याला अहवाल द्यायचा; पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक आलेल्या लुळेपणाचा रुग्ण नसला, तरी शून्य लिहून द्यायचा. पण खरी हुशारी याच्या पुढची होती. लुळेपणा पोलिओखेरीज इतर कारणांनीही येतो आणि तो कुठल्याही लोकसंख्येत थोडाफार आढळतोच. म्हणून निकष असा ठरवला, की पंधरा वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला पोलिओखेरीजच्या लुळेपणाचा किमान एक रुग्ण सापडलाच पाहिजे. पुढे भारतात ही अपेक्षा दोनावर नेली. एखाद्या जिल्ह्यातून एकही रुग्ण आला नाही, तर तिथे कोणी शोधत नाही असे मानून पथक पाठवायचे. शून्य हे यश नव्हते, शून्य हा संशय होता. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभागासह भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. जगाने ते शून्य मानले, कारण त्यामागे हजारो नकारात्मक तपासण्या उभ्या होत्या.

योगायोग असा, की त्याच दिवशी, २७ मार्च २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका शून्याचा निकाल लावला. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये याचिका केली होती. आमच्याकडे ही प्रथा नाही, असे अनेक राज्ये वर्षानुवर्षे सांगत राहिली. आणि २०११ च्या जनगणनेत, ज्यांतला मैला माणूस काढतो अशा ७,९४,३९० शौचालयांची नोंद झाली. १९९३ नंतर गटारात उतरून मेलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी दहा लाख रुपये द्या, असा आदेश त्या निकालात होता. पुढे २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम तीस लाख झाली. त्या राज्यांचा रकाना कोरा नव्हता, तिथे 'निरंक' असे व्यवस्थित लिहिलेले होते. म्हणून निरंक लिहून घेतले की काम भागले, असे मी म्हणत नाही. पण लिहिलेल्या निरंकाला न्यायालयात उभे करता आले. शपथपत्र आणि जनगणना समोरासमोर ठेवता आली. रकानाच नाहीसा झाला असता तर उलटतपासणी कशाची करणार?

संसदेच्या कामकाजातही हा भेद पाळला जातो. तारांकित प्रश्नाला 'नाही' हे एक उत्तर असते, 'प्रश्न उद्भवत नाही' हे दुसरे, आणि 'माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' हे तिसरे. तिसऱ्या उत्तराला आश्वासन समजतात, आणि ते पुरे झाले की नाही हे पाहायला सरकारी आश्वासनांची समिती असते. जमाखर्चाच्या वहीत आणि हजेरीपटात कोऱ्या उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारतात तीही याच कारणाने. ही जागा रिकामी आहे हे मी पाहिले, असे ती रेघ सांगते.

तर त्या जिल्ह्यात काय केले? तक्ता लपवायचा नाही, पण पसरूही द्यायचा नाही, असे ठरले. रिकामा तक्ता घडी होऊन एका ओळीचा होतो आणि त्या ओळीत तीनपैकी एक मजकूर येतो. पहिला 'निरंक', त्यापुढे कळवणाऱ्याचे पदनाम, तारीख आणि वेळ. दुसरा 'अप्राप्त', त्यापुढे शेवटचा अहवाल येऊन किती दिवस झाले तो आकडा. तिसरा 'तांत्रिक अडथळा'. हे लिहायला सोपे आहे, करताना एक मूलभूत अडचण आली. मातामृत्यूच्या तक्त्यात कितीही डोके खुपसले तरी निरंक आणि अप्राप्त यांतला फरक तिथे सापडणार नाही, कारण न घडलेल्या घटनेची ओळ नसते. त्यासाठी वेगळा तक्ता लागतो, ज्यात घटना नव्हे, तर अहवाल नोंदवले जातात: कोणता आठवडा, कोणता विकासखंड, कोणता विषय, कोणी पाठवला, केव्हा. मुलाने तो दोन दिवसांत बनवला आणि मला दाखवला. मी पाहत राहिलो. वडिलांच्या नियतकालिकांच्या नोंदवहीचे रकाने जवळजवळ तेच होते.

पानाचा क्रमही बदलला. अप्राप्त असलेले विषय आता सर्वांत वर येतात. पान आखूड तो विकासखंड चांगला, हा समज त्यामुळे आपोआप मोडला.

लपवणे सर्वत्र चूक आहे असे मात्र नाही. मुलाने मला एक प्रतिप्रश्न केला होता, आणि तो रास्त होता. वृद्ध निवृत्तिवेतनधारकांसाठी त्याने दुसरे एक पान बनवले होते, त्यात मिळालेले हप्ते, तक्रारी, वारसांच्या नोंदी, वैद्यकीय देयके असे नऊ तक्ते होते. आपल्या मोबाइलवर एखाद्या आजोबांनी ते उघडले आणि आठ ठिकाणी 'निरंक' वाचले, तर ते घाबरून कचेरीत येतील. "तिथेही दाखवू का, सर?" मी म्हटले, तिथे लपव. नागरिक आपले काम करायला येतो, त्याला लागते तेवढेच समोर असावे. त्यातही हप्त्यांचा तक्ता मात्र लपवायचा नाही, हे आम्ही दोघांनी एकमताने ठरवले. न आलेला हप्ता हेच तर त्यांना पाहायचे असते. देखरेख करणाऱ्याचे पान आणि नागरिकाचे पान एकाच साच्यातून काढू नये, एवढे मला त्या चर्चेतून पटले.

नवी पद्धत सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारी चाळीसहून अधिक ओळी 'अप्राप्त' दिसल्या. बैठक लांबली आणि चहा दोनदा मागवावा लागला. त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, हे त्यांच्या मोठेपणाचे, काही न बोलता पहिली ओळ वाचायला घेतली. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत अप्राप्त ओळी एक-दोनवर आल्या. जंगलपट्टीतल्या त्या विकासखंडातली रिकामी जागाही भरली गेली. तीन आठवडे रखडलेली फाइल, पडद्यावर रोज वाढणारा दिवसांचा आकडा दिसू लागल्यावर दोन दिवसांत हलली.

मग एक अर्ज आला. दोन खंड वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मिळून लिहिले होते, की दर सोमवारी सात विषयांसाठी सात वेळा 'निरंक' दाबण्यात वेळ जातो, तरी 'सर्व निरंक' असे एकच बटण द्यावे. मुलगा म्हणाला, पाच मिनिटांचे काम आहे. मी नको म्हटले. एक बटण दिले की सोमवारी सकाळी दहा वाजता सगळीकडे निरंक होणार, आणि कोणीही वही उघडणार नाही. उलट मी सुचवले, की मातामृत्यूच्या 'निरंक'पूर्वी एक आकडा विचारावा: या आठवड्यात विकासखंडात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या किती स्त्रिया कोणत्याही कारणाने दगावल्या? मार्गदर्शक सूचनांतही आशा कार्यकर्तीने या वयोगटातला प्रत्येक मृत्यू कळवावा असेच आहे, त्यांतले मातामृत्यू कोणते ते मागाहून ठरते. हा आकडा भरायला एएनएमच्या वह्या पाहाव्याच लागतात.

तो रकाना घातला गेला. बटणाच्या मागणीचे स्मरणपत्र माझ्या तिथल्या कामाची मुदत संपेपर्यंत दोनदा आले, दोन्ही वेळा जावक क्रमांकासह.